चौथ्या रेसमधली घोडी

डब्बो
रविवार, १८ सप्टेंबर १९८८

प्रिय बाबा,

तुमचे पत्र बुधवारी पोचले. खोकला कमी झाला हे वाचून बरे वाटले. तुम्ही राहता त्या हॉटेलातली खोली कोरडी आहे ना? इथे वसंत सुरू झाला आहे. मॅगपाय पक्षी घरटी राखायला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालायला लागले आहेत आणि टपालवाला डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा घालून सायकल चालवतो. माझी तब्येत ठीक आहे. पोट अधूनमधून बिघडते, पण ते माझे पहिल्यापासूनचेच.

उत्तराला उशीर झाला. फोन करता आला असता, पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी कशालाही हो म्हणतो, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. म्हणून लिहितो आहे. आधी कच्चे लिहिले आणि मग हे उतरवून काढले.

मी मिसेस गॅरिटींकडे नक्की काय करतो, असे तुम्ही विचारले आहे. नोरीन आत्याने तुम्हाला काय सांगितले कोण जाणे. मिसेस गॅरिटींचे वय शहात्तर आहे. नवरा, कीथ गॅरिटी, गेल्यापासून त्या एकट्या घोड्यांवर पैसे लावून घर चालवतात आणि अजून कोणापुढे हात पसरलेला नाही. रेसकोर्सवर सगळे त्यांना नुसते थेल्मा म्हणतात. मला ते जमत नाही. मी त्यांची गाडी चालवतो, घडीची खुर्ची उचलतो, आणि रेसआधी घोडे फिरवतात त्या कुंपणापाशी उभा राहून कोणता घोडा कसा दिसतो ते त्यांना सांगतो. त्यांनाही दिसते. पण मला दिसते की नाही, हे त्यांना पाहायचे असते.

पहिला अख्खा हिवाळा त्यांनी मला एक डॉलरही लावू दिला नाही. रेसकोर्सवर पोचले की माझे पाकीट गाडीच्या पुढच्या कप्प्यात जायचे आणि किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोरीत. रेस सुटण्याआधी मी घोडा निवडायचा आणि कारण सांगायचे. जूनच्या थंडीत एकदा माझा घोडा पहिला आला. मी नाचलोच.

"का जिंकला?" त्यांनी विचारले.

"मी म्हटलं होतं ना, त्याची चाल मोकळी आहे."

"त्याने तुझं काही ऐकलेलं नाही, पोरा. पुढचे दोघे वळणावर एकमेकांना घासले, म्हणून हा आला. तू चुकला होतास. जिंकलास, पण चुकला होतास."

मला राग आला होता. परत येताना मी गाडी जरा जोरातच हाकली. त्या अंड्याचे सँडविच खात होत्या. अर्धे मला दिले आणि म्हणाल्या, "हरल्यावर शिकणं सोपं असतं. जिंकल्यावर शिकतो तो टिकतो."

आणखी एका शनिवारी आम्ही लांबवरच्या एका छोट्या कोर्सवर गेलो. सगळ्या रेसेस झाल्या, तरी त्यांनी पर्स उघडली नाही. रे बॉडकिन नावाचा बुकी आहे, तो आपल्या फळ्यापाशी उभा राहून ओरडला, "थेल्मा, काहीतरी लाव गं. मला पोरांच्या शाळेची फी भरायचीय."

"तुझ्या पोरांना आता नातवंडं व्हायला आलीत, रे."

"मग त्यांच्या फीसाठी लाव."

त्या हसल्या आणि खुर्चीची घडी घातली. मला वाटले, दिवस फुकट गेला. त्या मात्र घरी पोचेपर्यंत गुणगुणत होत्या. बाबा, इतक्या माणसांच्या गर्दीत, सगळे ओरडत असताना, एका बाईला काहीही न करता बसता येते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तसे कोणाला येत असेल असे मला वाटलेच नव्हते. आपल्या घरात मोठा झालेल्याला कसे वाटणार?

हे वाक्य खोडणार होतो. पण राहू देतो. मी नववीत शाळा का सोडली, हे मी कधी बोललो नाही आणि आजही बोलणार नाही.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही लिहिले आहे, "ईस्टरपासून पैजेला हात लावलेला नाही. आता तू जाणकारांत बसतोस. शनिवारसाठी एकच नाव दे, पुन्हा मागणार नाही."

नाव माझ्याकडे होते. चौथ्या रेसमधली घोडी. तिला मी तीन वेळा पाहिले होते आणि मिसेस गॅरिटीही तिच्यासाठीच थांबल्या होत्या. तुमचे पत्र खिशात घेऊनच मी काल कोर्सवर गेलो. कुंपणापाशी उभा राहिलो, पण हात सारखा त्या पत्राकडे जात होता.

"आज तू घोडी बघत नाहीयेस," त्या म्हणाल्या. "कोणाला बघतोयस?"

मी पत्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, खोकल्याचेसुद्धा.

"चहाच्या टपरीमागे फोन आहे," त्या म्हणाल्या. "तुझा बाप आहे. मी अडवणार नाही."

"घोडी येईल ना?"

"येईल असं मला वाटतं. मी लावणार आहे."

"मग सांगितलं तर काय बिघडलं?"

त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "कीथने वर्षभर सोडलं होतं. एकदा मला म्हणाला, एकच नाव दे. मी दिलं. घोडा जिंकला. तेच वाईट झालं. हरला असता तर त्या रात्री माणूस घरी आला असता."

एवढेच बोलल्या. कीथ गॅरिटी कसे गेले ते मी विचारले नाही.

मी फोनपाशी गेलो. तुमच्या हॉटेलचा नंबर मला पाठ आहे. नाणी मुठीत ओली झाली होती. चौथ्या रेससाठी घोडे बाहेर येत आहेत असे पुकारले, तेव्हा मी अजून तिथेच होतो. मग मी नाणी खिशात टाकली आणि परत आलो. या महिन्यापासून मला स्वतःचे पैसे लावायची मुभा आहे. पण मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी लावायचे नाही, असे त्यांनीच शिकवले आहे. माझे पाकीट गाडीतच राहिले.

घोडी जिंकली, बाबा. आरामात जिंकली, आणि भावही चांगला होता. मिसेस गॅरिटींनी नेहमीइतकेच लावले होते, एक डॉलर जास्त नाही. पैसे घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, ते बरे केले. आजचा पेपर तुम्ही पाहिला असेल आणि कोणती घोडी तेही ओळखले असेल. मी मात्र तिचे नाव इथेही लिहीत नाही. तुम्ही मला शिव्या द्याल. घोडी हरली असती तर हे पत्र सोपे झाले असते. पण ती जिंकली म्हणून मी चुकलो असे होत नाही. हे एक वाक्य शिकायला मला अख्खा हिवाळा लागला.

एक गोष्ट राहिली. येताना त्यांनी गाडीत विचारले, "तू घोड्याचे पाय आधी बघतोस. बाकी सगळे तोंड बघतात. हे कोणी शिकवलं?"

"बाबांनी," मी म्हणालो. "ते नाल ठोकायचे. घोडा उचलायला दिलेल्या पायाबद्दल कधीच खोटं बोलत नाही, असं म्हणायचे."

त्यांनी गळ्यातल्या दोरीतून किल्ली काढून मला दिली. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला बघता येतं. थांबता येत नाही, एवढंच. घेऊन ये त्याला. माझ्या शेजारी बसू दे."

सोबत ब्रोकन हिल ते डब्बो बसचे तिकीट आहे, परतीचेही. पैसे पाठवलेले नाहीत. तिकिटावर तुमचे नाव घालून घेतले आहे, राग मानू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी या. पाकीट गाडीच्या कप्प्यात जाईल आणि किल्ली त्यांच्या गळ्यात. माझेही तिथेच असेल, तुमच्याशेजारी. दिवसभर आपण कशावरही काही लावणार नाही. अंड्याची सँडविचेस मी करीन. तुम्ही मला फक्त पाय दाखवा. मागच्या डाव्या पायाचे मला अजून नीट कळत नाही.

बस पहाटे पाच वाजता पोचते. मी चारपासून थांबेन.

तुमचा,
गॅविन