जवळचा चष्मा

प्रिय चिमणे,

नर्सिंग सोडून तू पहिल्या तारखेला घरी येतेस आणि कारखान्यात माझ्या जागेवर बसतेस, हे तुझं पत्र शेजारच्या काकूंनी वाचून दाखवलं. लोकांना सुया टोचण्यापेक्षा सुया ओवणं बरं, मी आनंदाने येतेय, असं लिहिलंस. काकू हसल्या म्हणून मीही हसले.

आता इथली खबर सांगते. माझे टाके वाकडे पडायला लागले तेव्हा मी दोऱ्याला नावं ठेवली, दिव्याला ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं. तू सुट्टीत येऊन दोरा ओवलेल्या सुया उशीला टोचून ठेवायचीस, त्या संपल्या की माझं काम अडायचं. चाळिशी उलटलेल्या आम्हा सगळ्याच बायकांची हीच रड. शर्टांचे गठ्ठे परत येऊ लागले. मालक मनाने वाईट नाही, पण त्याचं पालुपद एकच: आधी धंदा वाढू दे, मग तुमच्या सोयींचं बघू. रेडिओवर मंत्रीही देशाबद्दल तेच सांगतात, त्यामुळे मला ते खरंच वाटायचं. म्हणून तर त्याने माझ्या जागी तुला मागितलं तेव्हा मी मान डोलावली.

मग गेल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यातली ताई चष्म्यांची पेटी घेऊन आली. फुकट म्हणून मालकाने तिला आत घेतलं. मी चष्मा नाकावर चढवला तर आधी माझीच बोटं दिसली. किती म्हातारी झालीत गं ती. तेव्हापासून एकही गठ्ठा परत आलेला नाही. उलट नवीन काम मिळालंय, मालक आणखी दोन बायका घेतोय, आणि चष्म्याची कल्पना आपलीच होती असं सगळ्यांना सांगत फिरतोय. फिरू दे बापडा. धंदा वाढायची वाट बघत बसलो असतो तर वरातीमागून घोडं आलं असतं.

काल पत्रासोबतचा तुझा फोटो पुन्हा पाहिला, गणवेशातला. आधी नुसतं हसू दिसलं होतं. चष्मा लावून पाहिलं तर तुझे डोळे रडून सुजलेले. आईला कुठे दिसतंय, असं वाटलं ना तुला, लबाडे? आज सकाळीच मालकाकडून माझी जागा परत मागून घेतली. इथे तुझ्यासाठी जागा नाही. येऊ नकोस.

तुझीच, खुर्ची अडवून बसलेली,
आई