सुनेनं हात धरायचा?

तीर्थरूप आप्पा,

तुमच्याशी सरळ बोलायची माझी ही पहिलीच वेळ. एवढी वर्षं एका घरात राहिलो, पण जे सांगायचं ते सासूबाईंच्या तोंडून. "आत्याबाई, आप्पांना म्हणावं, ताट वाढलंय." आणि तुम्ही ओसरीवर बसून सगळं ऐकत असायचात!

आज लिहायला बसले, कारण सकाळी मागच्या आळीतल्या तात्यांची हिवतापाची तपासणी केली. त्यांनी लगेच बोट पुढं केलं. म्हणाले, "टोच पोरी. तुझा सासराच सांगायचा, ताप आला की पहिले आमच्या सुनेकडं जा. ती गावची आशा हाय, सरकारी दवाखान्यानं नेमलेली."

मी त्यांचं बोट टोचलं, पट्टी भरली आणि तशीच घरी आले.

साऱ्या गावाला माझ्याकडे पाठवलंत, मग स्वतः का नाही आलात? चुलीपाशीच तर होते मी!

त्या खेपेला सुरगाण्याला पाहुण्यांकडे राहून आलात, ते हुडहुडी घेऊनच. मी तपासणीचं किट काढलं, तर तुम्ही हात गोधडीत ओढून घेतलात. "सुनेनं हात धरायचा? लय शिकली म्हणून रीत सोडायची का?" सासूबाई म्हणाल्या, "मग आण ती सुई इकडं." त्यांची सुई भलतीकडेच जात होती आणि तुम्हाला तापातही हसू येत होतं. "अगं, मला टोच, गोधडीला नको!"

रक्त पुरेसं आलंच नाही. पट्टीवर एकही रेघ उमटली नाही, म्हणजे तपासणीच झाली नाही. मी दाराआडून सांगत राहिले, पुन्हा टोचा. तुम्ही बोट दिलं नाहीत.

तपासल्याशिवाय गोळ्या मला देता येत नाहीत. अंबडला कंपनीत ह्यांना फोन केला. "माझं कुठं ऐकतात ते? तूच बघ," म्हणाले. मी काय बघणार होते, आप्पा?

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तुम्ही चहा मागून घेतलात आणि सासूबाईंना म्हणालात, "सांग तुझ्या आशाताईला, बरा झालो." हिवताप असाच फसवतो, हे मी घरोघरी सांगत फिरते. तुम्हालाही सांगितलं. सासूबाईंच्याच तोंडून.

मग ताप पुन्हा चढला आणि तुमची शुद्ध गेली. नाशिकला नेताना जीपमध्ये मीच तुमचा हात धरला, बोट टोचलं. पट्टीवर हिवतापाची रेघ ठळक आली. तुम्ही हात मागे घेतला नाहीत. त्याचीच मला किती भीती वाटली! दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. ओसरीवर तुम्ही परत आलाच नाहीत.

सासूबाई अधूनमधून विचारतात, "तू जबरदस्ती का नाही केलीस गं?" आणि लगेच म्हणतात, "केली असतीस तर मीच ओरडले असते."

मी शब्द देते, आप्पा. गावात कुणी कितीही मोठा असो, कितीही रागावो, अंगात ताप असेल तर तपासल्याशिवाय त्याच्या घरून उठणार नाही. पण आपल्याच ओसरीवर तुम्ही पुन्हा नाही म्हणालात, तर मी पुन्हा दाराआडच उभी राहीन की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

तुमची सून,
मंगल