पाण्यापासून लांब

कोचीन, १२ जानेवारी १९५९

अम्मा, तुझ्या मेहमूदचा सलाम. पत्र वाचून दाखवणाऱ्या आनंदरावमामांना रामराम.

माझी खोली पाण्यापासून लांब हाय, तवा काळजी करू नकोस. सुट्टीला पायी फिरतो. इथं गल्ली बदलली की वास बदलतो आन् बोलीबी. सुंठीच्या वखारींपाशी गुजराती बोलतात, पुढं मशिदीपाशी कच्छी. देवळामागं कोकणी लोक राहतात. तिथं एक म्हातारी तिच्या पोराला ‘हांगा यो’ म्हणून हाक मारत होती, म्हंजी ‘इकडं ये’. मला वाटलं तूच बोलावतीस, आन् मी वळलो. तिनं हसून मलाबी गूळपाणी दिलं.

मामा, आता एवढं मनातच वाचा. माझं काम पल्याडच्या बेटावर हाय, रोज होडीनंच जावं लागतं. अब्बांना घोडनदीच्या पुरानं नेल्यापासनं अम्मानं मला पाण्यात न उतरायची शपथ घातलीय. म्हणून गुपचूप पोहायला शिकतोय.

अम्मा, तुझे गुडघे कसे हायत? शेळी व्याली का?

आन् मामा वाचता वाचता मधीच गप झाले असतील, तर तिथं शाई सांडलीय, एवढंच.

तुझाच,
मेहमूद