मचूळ पाणी

डोंबिवली, शुक्रवार, मे १९५२

पगारातून जमेल तशी खणत आणलेल्या परसातल्या विहिरीला आज पाणी लागलं. मचूळ! खाडीचंच. भाजी कसली पिकतेय त्यावर, अळूसुद्धा जगायचं नाही. शेवटची मजुरी भागवायला सुमतीने माहेरून आणलेली बाजाची पेटी विकली. मी नको म्हणालो होतो ना? म्हणालो होतो, पण एकदाच.

"अहो, भांडी घासायला होईल की," एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तांदूळ निवडत बसली होती. सुपाच्या काठावर तिची बोटं आपोआप चालायला लागली, पेटीवर चालायची तशीच. मी बघतोय हे कळल्यावर तिने बोटं मिटून घेतली.

"खडे फार आहेत हो या तांदळात," म्हणाली.