दोन खांब की चार

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेले लिफ्टचे फोटो पाहिले. आधी नुसतेच पाहिले, मग चष्मा लावून पाहिले, आणि शेवटी चष्मा काढूनच ठेवला. लाल रंगाची का, तर तुझ्या घरच्या गॅरेजमधल्या कपाटाला शोभते म्हणून. अरे, गाडी उचलायची लिफ्ट आहे ती, खिडकीचा पडदा नव्हे. तिच्याखाली आपले बाबा उभे राहणार आहेत, डोक्यावर हजारभर किलोचं धूड घेऊन. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवून निवड करायची होती. तू नेमकी ती सोडून बाकी सगळं बघितलंस. फोनवर बोलले असते, पण मी वाक्य सुरू केलं की तुझ्या टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. म्हणून लिहिते आहे.

तो विकणारा तुला म्हणाला, साहेब, सगळ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये हीच दोन खांबांची चालते. झालं, तू विरघळलास. तुला कुणी साहेब म्हटलं की तुझी अक्कल रजेवर जाते, हे मी तू शाळेत होतास तेव्हापासून बघते आहे. वर्गातल्या त्या टग्याने तुला कॅप्टन म्हणून वर्षभर स्वतःचं दप्तर उचलायला लावलं होतं आणि तू घरी येऊन छाती काढून सांगायचास. आता म्हणतोस, छताची उंची मी स्वतः मोजली. मोजलीस, पण गॅरेजचं दार बंद असताना. ते दार उघडलं की सरकत छताखाली येऊन आडवं होतं, हे रोज त्यातून गाडी काढणाऱ्या माणसाला मी सांगायचं का? गाडी वर जाईल ती थेट दारावर आपटेल. दार लावून काम करू म्हणशील, तर इंजिनाचा धूर काय तुझ्या बेडरूममध्ये सोडणार आहेस?

आणि जमिनीचं तर बोलायलाच नको. दोन खांबांची लिफ्ट बोल्टने जमिनीत आवळायची असते, सगळा भार त्या बोल्टांवर. तुझ्याकडे वर दुकानातल्या चकाचक टाइल्स आणि खाली जेमतेम चार बोटं काँक्रीट. ते ओतलं तेव्हा मी तिथेच होते. गॅरेजला टाइल्स लावू नकोस म्हणून घसा कोरडा केला होता. तू म्हणालास, दिसायला छान दिसतं. दिसतं खरं. थोडं ऑइल सांडलं की त्यावर घसरगुंडीही छान होईल. चार खांबांची नुसती जमिनीवर उभी राहते, ती घे म्हटलं तर तू मला शिकवतोस की तिच्यावर गाडी चाकांवरच उभी असते, चाकं काढता येत नाहीत. बाबा या वयात कुणाची चाकं काढणार आहेत? त्यांना आपली जुनी गाडी वर घेऊन खालून न्याहाळायची आहे, दोन नट आवळायचे आहेत आणि हात काळे करून जेवायला यायचं आहे. आणि बाबांचं वर्कशॉप आता मी चालवते, तू नव्हेस, याचीही मधूनमधून आठवण ठेवत जा.

बाबांनी पहिली लिफ्ट घेतली ती तुला आठवत नसेल, तू तेव्हा मामाकडे होतास. त्याआधी सगळं काम जमिनीतल्या खड्ड्यात उतरून चालायचं. विकणारा माणूस आला, गोड बोलू लागला, तेव्हा बाबांनी लिफ्टवर गाडी चढवली आणि त्यालाच खाली उभं राहायला सांगितलं. तो घामाघूम झाला. गाडी वर नेली की बाबा ती किंचित खाली घ्यायचे, म्हणजे दोन्ही खांबांतली लॉकं खाचेत बसतात आणि भार नुसत्या तेलाच्या दाबावर राहत नाही. डावीकडून एक टक्, उजवीकडून एक टक्. दोन्ही कानांवर पडल्याशिवाय त्यांनी कधी पाऊल आत टाकलं नाही. वर्कशॉपमध्ये रेडिओ लावू द्यायचे नाहीत ते त्यासाठी. तू मात्र बाबा अरसिक म्हणून नाक मुरडायचास.

आणि वर मला ऐकवतोस की बाबांना विचारूनच घेतो आहेस, ते लगेच हो म्हणाले. तुझ्या घरी राहायला यायलाही लगेच हो म्हणाले, मागची खोली चालेल का विचारलंस तेव्हाही हो म्हणाले. ‘माझ्याकडे आल्यापासून बाबा किती निवळलेत’ असं मला लिहिताना तुला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं असेल. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही पहिल्या झटक्यात हो म्हटलं नाही, साध्या पान्यासाठी दुकानदाराला रडवलं, तो तुझ्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतो आणि तुला त्यात काही वावगं वाटत नाही. धन्य आहे तुझी.

मागच्या महिन्यात ते माझ्याकडे चार दिवस राहिले, तेव्हा वर्कशॉपमध्ये आले होते. मी आत बिलं करत होते. त्यांनी एक गाडी वर घेतली, किंचित खाली घेतली, आणि डावीकडचं लॉक बसलं तेवढ्यावर गाडीखाली शिरले. उजवीकडचं टक् आलंच नाही, ते बसलंच नव्हतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला धावत आला, बाबांनी मात्र मागे वळूनही पाहिलं नाही. दंडाला धरून ओढलं तेव्हा कुठे त्यांना कळलं. ते ओशाळं हसत उभे होते.

त्यांना ऐकू येत नाही, धाकट्या. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्याने थोडंफार. तुला कळलं तर तू गॅरेजला कुलूप लावशील आणि त्यांना खुर्चीत बसवून ठेवशील, या भीतीने त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, आणि तो मी आज मोडते आहे. इतके महिने एका घरात राहून तुला हे दिसलं नाही, याची मला चीड येते आणि त्याहून जास्त भीती वाटते. ती लाल लिफ्ट आजच्या आज रद्द कर. चार खांबांची घे, आणि जिचं प्रत्येक लॉक खाचेत बसलेलं डोळ्यांनी दिसतं अशीच घे. गॅरेजला कुलूप लावायचं नाही. आणि घेण्याआधी बाबांना पुन्हा विचार. मोबाइलमध्ये डोकं घालून नको, जिन्यातून हाक मारून नको. समोर बस, त्यांना तुझं तोंड दिसू दे आणि सावकाश विचार. लिफ्टचं विचार, मागच्या खोलीचं विचार, तुझ्या घरी राहायचं आहे का तेही विचार. पहिल्या झटक्यात नाही म्हणाले, तर त्यांना ऐकू गेलं असं समज.

दुसरा भाऊ नाही म्हणून तुझीच,
ताई