बाईसाहेबांची आणि घराची निरवानिरव

मी खाली सही करणार, धंद्याने पाट्या रंगवणारा पेंटर, वय सत्त्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे माझा थोरला मुलगा चारचौघांत सांगतो आणि पुरावा म्हणून माझ्या काचेच्या पेटीतल्या टॅरँट्युलाकडे बोट दाखवतो. म्हणून आधी त्या कोळ्याचेच लिहितो.

हाताच्या पंजाएवढा हा कोळी मी लहर आली म्हणून आणलेला नाही. दुकानदार म्हणाला, "काका, पहिल्यांदाच पाळताय, तर जमिनीवरचा घ्या. गरीब असतो, एका जागी पडून राहतो." मी म्हणालो, "तसला एक मुलगा मी आधीच पोसलाय." मग त्याने पिवळ्या पट्ट्यांचा, झाडावर राहणारा दाखवला. देखणा, पण चावला तर दिवसचे दिवस कळा. घरात धाकटी सून वावरते, म्हणून तो नको म्हटले. तिसरी ही बाईसाहेब. झाडावरचीच, अंगाने काळी, पावले तेवढी गुलाबी, सहसा न चावणारी. मादी आहे, म्हणजे नरापेक्षा पुष्कळ जगणार आणि माझ्यामागे राहणार, हेही विचारून घेतले. माझे आयुष्य शिडीवर गेले आणि गुडघे गेल्यापासून मी तळमजल्यावर पडून आहे. घरात कोणीतरी उंचावर राहावे असे मला वाटले. थोरल्याने गाडी नुसता रंग बघून घेतली, ती आता ढकलत नेतो. डोके कोणाचे तपासायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे.

कलम १. जावयांना माझी मोजपट्टी. मी दवाखान्यात असताना ते पुढच्या खोलीची मापे घेऊन गेले. पुढच्या वेळी आपली पट्टी आणायचा त्रास नको. पेटीचे झाकण उघडून वाकले तेव्हा बाईसाहेबांनी त्यांच्या शर्टावर विष्ठेची पिचकारी मारली, त्याबद्दल मी दिलगीर नाही. बँकेत उरेल ते मुलीला, तिच्या एकटीच्या नावावर.

कलम २. ब्रश, रंग आणि शिडी माझ्या जुन्या भागीदाराला. त्याची अक्षरे आजही उताराला लागलेली असतात. माझ्या ब्रशांनी ती सरळ होतील अशी आशा नाही, पण तो भेटायला येतो आणि तोंडावर भांडतो.

कलम ३. थोरल्याला कपाटातली उरलेली चिकटपट्टी. मी दवाखान्यात असताना, बाईसाहेब बाहेर येतील या भीतीने, त्याने पेटीची हवेची सगळी भोके त्या पट्टीने बुजवली. या जातीला दमट पण खेळती हवा लागते, कोंडली की मरते, हे मी त्याला बजावले होते. "बाबा, कोळीच तर आहे," हे त्याचे उत्तर. त्याला आणखी काही देणे नाही.

कलम ४. राहते घर धाकट्या सुनेला, तिच्या स्वतःच्या नावावर. धाकटा बोटीवर नोकरीला असतो. घरात मी आणि ती. झुरळ दिसले तरी ती किंचाळते. बाईसाहेब आल्या त्या दिवशी तिने मला स्पष्ट सांगितले, "बाबा, हे ध्यान इथे राहणार असेल तर मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही." दवाखान्यातून परतलो तेव्हा पेटीची भोके मोकळी होती, झाडाच्या सालीवर पाणी शिंपडलेले होते आणि बाईसाहेब वरच्या कोपऱ्यात आपल्या जाळ्यात शाबूत होत्या. मी विचारले तर म्हणाली, "मीच काढली पट्टी. डोळे मिटून काढली. रोज पाणी मारलं, किडेही टाकले. मला ती अजून बघवत नाही, बाबा."

माझे डोळे भरून आले. तिला दिसू नयेत म्हणून उशी टोचते अशी मी कुरकुर केली.

वकिलांनी सुचवले की, कोळी सांभाळला तरच घर सुनेचे, अशी अट घाला. त्यांनी घातलेली अट मी खोडली आहे आणि खोडलेल्या ओळीशेजारी सही केली आहे. अट ठेवली तर उद्या हेच लोक म्हणतील, घरासाठी करते. घर तिला द्यायचा विषयही नव्हता तेव्हा तिने ते केले आहे. माझ्यामागे तिला नको वाटले तर बाईसाहेबांना घेऊन जाईन, असा दुकानदाराने शब्द दिला आहे. तिने त्याबद्दल कोणालाही उत्तर देऊ नये. घर तरीही तिचेच.

लिहून देणार: पेंटर (सही)

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. लिहून देणारा शुद्धीत आहे, सही माझ्यासमोर केली. (सही)
२. शेजारचा शिंपी. सगळे वाचून दाखवले, मी ऐकले. (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६