मॅडमचं उघडं दार

८ जानेवारी, गुरुवार. नालवाडी.
ताईने आज सगळी पुस्तकं खताच्या रिकाम्या पोत्यात भरून तोंड शिवलं. सुतळीने, दुहेरी टाका. परवा गावी, रोहण्याला जाते म्हणाली. किती दिवस, विचारलं.
"पाहू." मग म्हणाली, "बाबाले वांगे तोडाले माणूस नाई भेटून राह्यला."
बाबा असं काही म्हणाले नव्हते. कालच बोललो त्यांच्याशी.
म्हणजे पीएच.डी. सोडून चालली. अडीच वर्षं झाली. आमच्या गोंड घरांतून विज्ञानात इतकं शिकायला गेलेली ती एकटीच. माझी अकरावीच अर्धवट. सहामाही प्रगती अहवाल ३१ तारखेच्या आत द्यायचा, त्यावर मार्गदर्शक मॅडमची सही लागते. नाही दिला तर नोंदणी रद्द. मॅडमनी ऑगस्टपासून तिला एकदाही बोलावलं नाही. दिवाळीपासून ती प्रयोगशाळेतही जात नाही.
"मी त्यायले नको असीन," म्हणते.

९ जाने.
दुकानात (सिंदी मेघे, टायपिंग व बाइंडिंग) एकाचा प्रगती अहवाल आला. त्याच मॅडमचा विद्यार्थी. दुसऱ्याचा कागद वाचू नये, पण टाइप करायचा तर वाचावाच लागतो. 'मार्गदर्शकांशी चर्चा' या रकान्यात चौदा तारखा. सगळे सोमवार.
न राहवून विचारलं, मॅडम फोन करून बोलावतात का.
"कायचा फोन बे. सोमवारी चार वाजता दार खुलं राह्यते. ज्याले काम हाय तो घुसते."
हे सांगितलं कोणी?
"कोणी नाई. सगळेच जातात."
घरी येऊन ताईला सांगितलं. "न बोलावता? मोठ्या माणसाच्या दारात?"
बरोबर आहे तिचं. बाबा इतकी वर्षं आर्वीच्या बाजारात भाजी नेतात, पण व्यापाऱ्याच्या ओट्यावर "बस" म्हटल्याशिवाय टेकलेले नाहीत. आम्ही मास्तरांकडे निरोप घेऊन गेलो तरी फाटकाशी उभे. बोलावलं तर जायचं. नाही बोलावलं तर समजून जायचं. ताई समजून गेली.

१० जाने.
ताई गेली. पोतं इथेच. एसटीत जड होतं म्हणे.

१२ जाने., सोमवार.
मालकाला दाढ दुखते सांगून निघालो (खोटं). ३.३५ ला ताईच्या विभागात. बोलायची आठ वाक्यं लिहून नेली होती. दार खरंच उघडं. मुलं आत जात होती, आतून हसणं ऐकू येत होतं. सव्वापाचला मॅडमनी कुलूप लावलं. मी जिन्याजवळच.
"कोणाला भेटायचंय?"
"कोणाला नाही," म्हणालो.
आता ताईला मी काय शिकवणार.

१९ जाने., सोमवार.
आज आत गेलो. म्हणजे उंबऱ्याशी अडलोच होतो, मागून एक जण फायली घेऊन आला, त्याला वाट द्यायची तर आत सरकावंच लागलं. आठपैकी दोन वाक्यं आठवली: ताई शिक्षण सोडून गावी गेली, तुम्ही बोलवाल म्हणून वाट पाहत होती.
मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं तिचं लग्न ठरलं. आधीच्या दोघी तशाच गेल्या, न सांगता." मग मलाच विचारलं, "त्याही माझ्या बोलावण्याची वाट बघत होत्या का?"
मला काय माहीत. एवढंच म्हणालो, एकदा बोलवा, येईल ती.
माझ्यासमोरच फोन लावला. ताई वांग्याच्या वावरात असावी, वारा ऐकू येत होता. "उद्या निघ," मॅडम म्हणाल्या. "मी वाट बघते."
बाहेरच्या नळावर तोंड धुतलं. दोनदा.

२१ जाने.
ताई काल आली. बाबांनी वांगी पाठवली. पोत्याचे टाके मीच उसवले. आज अहवालावर सही झाली. कागद तीनदा पाहिला, तारीख बरोबर आहे. मॅडमनी दारावर यादी लावली आहे, प्रत्येकाचं नाव आणि वेळ. ताई, सोम. ४.२०. बऱ्याच दिवसांनी दोघंही पोटभर जेवलो.
एक धाकधूक आहे. तिचं काम वांग्याच्या मुळांवरच्या जिवाणूंवर. फ्रीजमधल्या नळ्यांना दिवाळीपासून कोणी हात लावलेला नाही. जिवाणू मेले असतील तर पहिल्यापासून, आणि तेवढी मुदत उरलेली नाही.

२६ जाने., सोमवार.
सुट्टी. ताईची ४.२० बुडाली. शनिवारी तिने सहा बशांत जिवाणू नव्या खाद्यावर घेतले. अजून एकीतही काही दिसत नाही. मॅडमना विचारायचं होतं. आता पुढचा सोमवार, मी म्हणालो.

२७ जाने.
११.४० ला दुकानात फोन.
"मॅडमकडे गेलती."
"बोलावलं होतं?"
"नाई."
"मग?"
"विचाराचं होतं, तं गेली. अजून दोन दिवस उबेत ठेव म्हणे." मग हसली. "तू काऊन घाबरून राह्यला? दार खुलंच होतं."
संध्याकाळी गावचा माणूस स्टँडवर भेटला, त्याच्याबरोबर पुस्तकांचं ते रिकामं पोतं रोहण्याला पाठवून दिलं. बाबांना वांग्यांसाठी लागतंच. ताईला विचारलं नाही.
बशांचं गुरुवारी कळेल.